शोधनिबंधावर नाव कोणाचे? सहयोगी आरोग्य संशोधनातील लेखनाची पार्श्वभूमी

क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन किती गुणकारी आहे हे तपासणारी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची चाचणी १९४८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली, ती एका समितीच्या नावाने. मद्रासच्या क्षयरोग केंद्रानेही हीच रीत पाळली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनचे तेच कौन्सिल यांच्या सहकार्यातून १९५६ मध्ये ते उभे राहिले. त्याचा १९३ रुग्णांवरचा अभ्यास १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. घरी राहून औषध घेणारा गरीब रुग्णही सॅनेटोरियममधल्या रुग्णासारखाच बरा होतो, हे त्याने दाखवले आणि जगभरच्या क्षयोपचाराची दिशा बदलली. अचानक घरी जाऊन गोळ्या मोजणाऱ्या कर्मचाऱ्यांवाचून हे सिद्ध झाले नसते. लेखक म्हणून छापले गेले ते केंद्राचे नाव.

पुढे निबंधांच्या संख्येवर बढती आणि अनुदान ठरू लागले, तशी नावांची ओढाताण वाढली. १९७८ मध्ये व्हँकुव्हरला काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक जमले. हस्तलिखिताचे समान नियम त्यातून आले आणि १९८५ मध्ये लेखक कोणाला म्हणावे याचे निकषही. १९९३ मध्ये हृदयविकारावरच्या गुस्टो चाचणीच्या निबंधाशी ९७० हून अधिक नावे जोडली गेली. इतक्यांपैकी कोणी काय केले, हे कसे कळणार? म्हणून १९९७ पासून प्रत्येकाचा वाटा स्वतंत्रपणे लिहिण्याची पद्धत रुजत गेली.

पण निकषांची एक बाजू मला फार टोचते. केवळ माहिती गोळा केली म्हणून कोणी लेखक होत नाही. मसुदा लिहिण्यात किंवा सुधारण्यात सहभाग हवा. नियम योग्यच आहे. मात्र तालुक्याच्या आरोग्य केंद्रात नोंदवह्या भरणाऱ्याला शोधनिबंध लिहायला कोणी शिकवलेच नसेल, तर तो कायम तळटीपेतल्या आभारांपुरताच उरतो.

या दुखण्यावर नेमका इलाज सुरू झाला तो २००९ मध्ये. क्षयरोगविरोधी आंतरराष्ट्रीय संघटना 'द युनियन' आणि वैद्यकीय मदत करणारी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' यांनी पॅरिसमध्ये एक अभ्यासक्रम सुरू केला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेतील टीडीआर हा उष्णकटिबंधीय रोगांवरच्या संशोधनाचा कार्यक्रम त्यांच्यासोबत आला आणि त्याला 'सॉर्ट इट' हे नाव मिळाले. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले आरोग्य कर्मचारी इथे आपल्याच कार्यक्रमातला प्रश्न घेऊन येतात. पहिल्या टप्प्यात संशोधन आराखडा, दुसऱ्यात माहितीची नोंद आणि विश्लेषण, तिसऱ्यात मार्गदर्शकाशेजारी बसून निबंधाचे लेखन. तिसरा टप्पा संपल्यावर चार आठवड्यांत निबंध नियतकालिकाकडे गेलाच पाहिजे. मुदत चुकली की अभ्यासक्रमातून नाव कमी होते. ही शिस्त कडक वाटते, पण लिहायचे राहून गेलेले संशोधन कपाटातच पडून राहते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ती पटेल.

२०१३ मध्ये व्हँकुव्हरच्या त्या संपादक-गटाने लेखकपदाचे निकष सुधारले. निबंधाची जबाबदारी घेण्याची चौथी अट आली आणि एक खुलासाही आला: लेखनात भाग घेण्याची संधीच न देता कोणाला लेखकपदापासून वगळण्यासाठी हे निकष वापरू नयेत. मला हा खुलासा अटीहून महत्त्वाचा वाटतो. तो पाळायचा, तर मसुद्याला कोण हात लावणार हे आराखडा लिहितानाच सगळ्यांसमोर ठरायला हवे. निष्कर्ष हाती आल्यावर ज्येष्ठांच्या खोलीत नव्हे.