शेडनेट आणि कीटकजाळी: वाफ्यावर कुठली, आणि बांधायची कशी

दुकानात "वाफ्यावर टाकायला जाळी द्या" म्हटलं की बहुतेक वेळा हिरवी शेडनेट हातात पडते. एका उन्हाळ्यात मीही तीच आणली, मिरचीवर ताणून बसवली आणि चारी कडा मातीत गाडल्या. महिनाभरात रोपं काटकुळी होऊन उंच गेली. पान उलटं केलं तर खाली पांढरी माशी होतीच. जाळीचा दोष नव्हता, तिचं कामच वेगळं.

शेडनेट ऊन अडवते, किडे नाही. घोटाळा आकड्यांमुळेही होतो. शेडनेटचा ५० म्हणजे सावलीचे टक्के. कीटकजाळीचा ५० म्हणजे मेश, एका इंचात तितकी भोकं. त्यामुळे नुसती "पन्नासची द्या" म्हणून मागू नका. हातात घेऊन बघा: शेडनेट सहसा चपट्या पट्ट्यांची असते, कीटकजाळी बारीक गोल धाग्याची, बहुधा पांढरी, मैद्याच्या चाळणीसारखी. पांढरी माशी जेमतेम एक मिलिमीटरची, म्हणून तिच्यासाठी ४० ते ५० मेश लागते. फुलकिडे त्याहून बारीक, ते यातूनही शिरतात.

बांधणीही कामावरूनच ठरते. शेडनेट डोक्याच्या वर, चार बांबूंवर ताणायची आणि बाजू मोकळ्या सोडायच्या. हवा खेळते, खाली उभं राहून खुरपता येतं, पावसाळा आला की सोडून ठेवायची. तिथे आत-बाहेर करण्याचा प्रश्नच नाही.

कीटकजाळीचं मात्र उलट. एक फट राहिली तरी सगळा खटाटोप वाया, आणि तरी रोज भाजी तोडायला हात आत गेला पाहिजे. माझा वाफा तीन फूट रुंद आहे. दोन्ही कडांना गजाचे तुकडे ठोकून त्यांवर अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपच्या कमानी अडकवल्या आहेत. कमानी उंच हव्यात; पान जाळीला टेकलं की पतंग बाहेरूनच त्यावर अंडी घालतो. जाळीच्या तीन कडा वीतभर मातीत पुरल्या. चौथी, लांब कड एका बांबूभोवती दोन वेढे देऊन सुतळीने बांधली. बांबूच्या वजनानेच ती जमिनीला चिकटून बसते. तोडणीच्या वेळी बांबू गुंडाळत वर न्यायचा, कमानीवर ठेवायचा, काम झालं की उलगडून खाली. पिना आणि विटांच्या भानगडीत मी पडले नाही: रोज उघडायचं जिकिरीचं झालं की माणूस कड उघडीच ठेवतो. वाऱ्याच्या दिवसांत बांबूवर वाळूच्या दोन पिशव्या टाकते.

झाकण्याआधी प्रत्येक रोपाचं पान उलटून बघा. मावा आत राहिला तर जाळीत तो सुखाने वाढतो, कारण त्याला खाणारे ढालकिडे बाहेरच राहतात.

मिरची, टोमॅटो, वांगी जाळीत फळतात. फुलं आली की रोपं जराशी हलवावीत, म्हणजे पराग झडतो. काकडी-भोपळ्याला मात्र मधमाशी हवीच, तिथे फुलं लागताच सकाळी बांबू वर करावा. दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, म्हणून त्याच्या वाफ्याचा बांबू मी दिवस कलल्यावर उचलते.