मॅश ही मालिका व्हिएतनामची? नाही हो

बऱ्याच वर्षांपासून एक गोष्ट फिरतेय, की 'मॅश' ही आर्मी सर्जन लोकांची कॉमेडी-ड्रामा सिरीयल व्हिएतनाम युद्धावर आहे. असं वाटणं साहजिकच आहे म्हणा, कारण सिरीयल सुरू झाली 1972 मध्ये, तेव्हा व्हिएतनामचं युद्ध चालूच होतं, आणि त्यातल्या विनोदांचा रोख अमेरिकन प्रेक्षकांना बरोबर कळत होता.

पण गोष्ट घडते कोरियात, 1950 ते 53 च्या युद्धात. मॅश म्हणजे आघाडीजवळचं, तंबूतलं, हलवता येणारं सर्जिकल हॉस्पिटल.

चेक करायचं तर चौथा सीझन काढा, पहिल्याच एपिसोडचं नाव 'वेलकम टू कोरिया' आहे, विषयच संपला. तेही नको असेल तर नुसती सुरुवातीची टायटल्स बघा, येणारी हेलिकॉप्टरं छोटी, पुढे काचेचा गोल फुगा, आणि जखमी माणूस बाहेरच्या बाजूला स्ट्रेचरवर बांधलेला (मला तर ते बघूनच धडकी भरते). व्हिएतनाममध्ये मोठी ह्यूई हेलिकॉप्टरं होती, त्यात जखमींना आत घ्यायचे. शिवाय कॅम्पातल्या त्या दिशा दाखवणाऱ्या खांबावर कोरियातलं सोल शहर लिहिलंय, व्हिएतनाममधलं सायगाव नाही.

आता कोणी म्हणेल की लिहिणाऱ्यांच्या डोक्यात व्हिएतनाम होतंच की, तर हो, ते बऱ्याच अंशी खरंय. पण कथेतलं युद्ध तीन वर्षांचं आणि सिरीयल चालली 11 सीझन, 1983 पर्यंत, हे गणित मात्र भारी आहे. आणि हो, कोरियात तेव्हा भारतानेही डॉक्टरांची तुकडी पाठवली होती, लढायला नाही, जखमींवर उपचार करायला.