मण्यार की कवड्या? पट्टे कुठून सुरू होतात ते पाहा

घरात निघणाऱ्या सापांमध्ये सर्वांत जास्त गल्लत या दोघांची होते. दोघांच्याही अंगावर पांढरे आडवे पट्टे, दोघांचीही कातडी गुळगुळीत, चकचकीत आणि दोघेही रात्रीचे फिरणारे. कवड्या घरात शिरतो तो पालींच्या मागे. मण्यार येते उंदरांच्या, पालींच्या आणि इतर सापांच्या मागे. मण्यारीच्या खाण्यात कवड्याही असतो, त्यामुळे दोघांचा वावर एकाच घरात असणं अशक्य नाही. फरक एवढाच, की कवड्या बिनविषारी आणि मण्यार भारतातल्या चार प्रमुख विषारी सापांपैकी एक.

रंगावर फार विसंबू नये. मण्यार निळसर झाक असलेली काळी आणि कवड्या तपकिरी, हे दिवसाउजेडी ठीक. बॅटरीच्या झोतात गडद कवड्याही काळाच दिसतो. त्यापेक्षा पट्टे पाहावेत. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, तिथे ते ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. ते पांढरे किंवा पिवळसर असतात आणि कुशीवर उतरताना बहुधा फाटे फुटून पसरतात. मण्यारीचं बरोबर उलटं. डोक्यामागचा बराचसा भाग कोरा काळा किंवा फार तर ठिपक्यांचा, पट्टे त्यानंतर सुरू होतात आणि शेपटीकडे स्पष्ट होत जातात. हे पट्टे अरुंद असतात आणि बहुतेकदा जोडीजोडीने येतात.

पण खरी मेख पुढे आहे. मण्यारीच्या पिल्लांमध्ये पट्टे पुढच्या भागातही ठळक असतात. पिल्लू असल्यामुळे लांबीही कवड्याएवढीच, दीड-दोन फुटांच्या आत. उलट एखाद्या मोठ्या मण्यारीचे पट्टे इतके विरळ झालेले असतात, की ती जवळजवळ सबंध काळी दिसते. म्हणजे पट्ट्यांची खूण बऱ्याचदा बरोबर ठरते, नेहमी नाही.

पक्की खूण पाठीवर आहे. मण्यारीच्या पाठीच्या बरोबर मध्यावरची खवल्यांची ओळ बाजूच्या खवल्यांपेक्षा मोठी आणि षटकोनी असते, कवड्याला तशी ओळ नसते. लांबून काढलेला फोटो मोठा करून पाहिला तर ती कधीकधी दिसते. मण्यारीच्या शेपटीखालचे खवले अखंड आणि कवड्याचे दुभागलेले, असंही सर्पतज्ज्ञ सांगतात. ते खरंच आहे, पण सापाची शेपटी उलटून पाहायला बसण्याची सूचना घरातल्या माणसांसाठी नाही.

वागणुकीवरूनही अंदाज येतो. भिंतीवर, खिडकीच्या गजावर, छपराच्या वाशावर चढलेला बारीक पट्टेरी साप बहुधा कवड्या असतो, तो चढण्यात पटाईत. डोकं चपटं आणि मानेपासून वेगळं दिसणारं. डिवचला तर तो पटकन चावतो. मण्यारीचं डोकं मानेत मिसळलेलं, वावर मुख्यतः जमिनीवर. दिवसा ती इतकी सुस्त असते, की डोकं अंगाखाली लपवून वेटोळं करून पडून राहते. या सुस्तीला गरीब स्वभाव समजून तिला हातात घेणारे लोक आहेत. रात्री तीच मण्यार वेगळी असते.

दंशांची तुलना केली तर गोष्ट आणखी चकवणारी होते. कवड्या चावला की दुखतं, रक्त येतं, आरडाओरडा होतो. मण्यारीचा दंश अनेकदा जाणवतही नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मध्यरात्री चावा होतो, खूण दिसत नाही, सूज येत नाही आणि पहाटे पोटात कळा, उलट्या सुरू होतात. घरचे अपचन समजून बसतात. मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. हे विष नसांच्या टोकांवर काम करतं. तिथे झालेलं नुकसान प्रतिसर्पविषाने उलटवता येत नाही, म्हणून इंजेक्शन लवकर मिळावं लागतं आणि काही रुग्णांना कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. रक्त गोठतं का, ही सर्पदंशात नेहमी होणारी तपासणी मण्यारीच्या दंशात सहसा ठीकच येते, त्यामुळे त्यावर निर्धास्त होता येत नाही.

मांत्रिकाची ख्याती वाढवण्यात कवड्याचा मोठा वाटा आहे, असं मला वाटतं. पट्टेरी साप चावला, मंत्र टाकला, माणूस उठून घरी गेला. तो बरा होणारच होता. पुढच्या खेपेला मण्यार चावलेला माणूस त्याच दारात नेला जातो आणि हातातले तास तिथे जातात.

म्हणून दंश झाल्यावर ओळख पटवत बसू नये. पट्टेरी साप चावला असेल किंवा रात्री झोपेत काही चावल्याचा नुसता संशय असेल, तर मण्यार समजूनच दवाखाना गाठावा. आवळपट्टी बांधणं, चिरा देणं, विष चोखणं यांतलं काही करू नये. चावलेला भाग हलू देऊ नये आणि रुग्णाला चालवू नये. साप मारून सोबत न्यायची गरज नाही, डॉक्टर उपचार लक्षणांवरून ठरवतात. जमिनीवर झोपणं टाळता येत नसेल, तर मच्छरदाणी चारही बाजूंनी अंथरुणाखाली नीट खोचावी. साप घरात दिसला आणि कोणाला चावलेला नसेल, तर त्याच्यावर लांबून नजर ठेवून सर्पमित्राला किंवा वनविभागाला कळवावं, मुलांना आणि पाळीव जनावरांना दुसऱ्या खोलीत न्यावं आणि सापाला बाहेर पडायची वाट मोकळी ठेवावी.