थायरॉईड हॉर्मोन रिसेप्टर

थायरॉईड हॉर्मोन रिसेप्टर म्हणजे पेशीच्या केंद्रकात डीएनएला चिकटून बसलेलं, हॉर्मोन पकडणारं एक प्रोटीन. माणसात असे न्यूक्लिअर रिसेप्टर ४८ आहेत, त्यातलाच हा. कोल्हापुरात कुठल्याही गल्लीत थायरॉईडची गोळी घेणारे चार जण तरी सापडतील, टीएसएच (थायरॉईडला काम कर म्हणून सांगणारं हॉर्मोन) किती आला हे बीपीसारखं तोंडपाठ, पण थायरॉईडचं हॉर्मोन पेशीत आत जाऊन भेटतं कुणाला हे कोण विचारत नाही. तर ते याला भेटतं.

गोळीत असतं चार आयोडीनवालं हॉर्मोन टी-४, रिसेप्टरला मात्र तीनवालं टी-३ लागतं, म्हणून पेशीतली एन्झाइम्स एक आयोडीन काढून टाकतात. (गोळी उपाशीपोटीच. गंगावेशीत जाऊन धारोष्ण दूध प्यायचं असलं तरी ते नंतर, कारण दुधातल्या कॅल्शियममुळं गोळी नीट शोषली जात नाही.)

उसाला पाणी पाजताना खोरं घेऊन दारं धरणारा माणूस असतो ना, तसं याचं काम. फरक एवढाच की पाटाला पाणी नसलं की माणूस घरी जातो, हा जात नाही, माती ओढून सरीचं तोंड बंद करतो आणि तिथंच बसतो. म्हणजे हॉर्मोन नसताना हा रिकामा नसतो, जीन दाबून धरतो, आणि टी-३ आलं की दाबणारी प्रोटीन्स सुटतात, चालू करणारी येतात. बहुतेक वेळा सोबतीला आरएक्सआर नावाचा जोडीदार असतो. थायरॉईडच नसलेली उंदराची पिल्लं दूध सुटायच्या वयात मरतात, पण त्यांचा अल्फा रिसेप्टरही (याचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार) काढून टाकला तर जगतात! बंद दारापेक्षा दारंच नसलेलं बरं, असला प्रकार.

पावसाळ्यात डबक्यात बेडकाची शेपटीवाली पिल्लं वळवळताना दिसतात, त्यांचा बेडूक होणं हे याच रिसेप्टरचं काम. हॉर्मोन तेच, पण त्याच्या सांगण्यावरून शेपटीतल्या पेशी मरतात आणि पायातल्या वाढतात, शेवाळ खाणारं लांबलचक आतडं आखूड होतं. १९१२ साली गुडरनाच या शास्त्रज्ञांनी या पिल्लांना घोड्याची थायरॉईड ग्रंथी खायला घातली तर माशीएवढे चिमुकले बेडूक वेळेआधीच तयार झाले. रिसेप्टर सापडला मात्र १९८६ ला, तोही कोंबड्यांना कॅन्सर करणाऱ्या एका व्हायरसच्या जीनचा माग काढताना, वेनस्ट्रॉम आणि रोनाल्ड इव्हान्स यांच्या दोन वेगळ्या टीमना.

माणसात याचे दोन जीन, अल्फा १७व्या गुणसूत्रावर आणि बीटा तिसऱ्या. अल्फा मुख्यतः हृदय, हाडं, मेंदूत. बीटा लिव्हरमध्ये, कानाच्या आत, रंग ओळखणाऱ्या पेशींत, आणि मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत, जिथं टीएसएच तयार होतं आणि तो टीएसएच खाली ठेवतो. म्हणूनच बीटा बिघडला की रिपोर्ट चक्रावून टाकतो, टी-४ वाढलेलं आणि टीएसएच तरी नॉर्मल किंवा थोडा जास्त, कारण पिट्युटरीला हॉर्मोन कळतच नाही. साधारण ४०,००० बाळांत एकाला हे असतं. रेफेटॉफ या डॉक्टरांनी १९६७ मध्ये पहिल्यांदा लिहिलं. जीनच्या दोनपैकी एकच कॉपी खराब असली तरी पुरते, कारण खराब रिसेप्टर जागा अडवून चांगल्यालाही काम करू देत नाही. हायपर, म्हणजे थायरॉईड जास्त काम करतेय असं समजून ती ग्रंथी काढली किंवा जाळली तर उलटं नुकसानच.

थायरॉईडचं हॉर्मोन वाढल्यावर छाती धडधडते ती अल्फामुळं, आणि लिव्हरमधली चरबी जळते ती बीटामुळं. मग फक्त बीटाला धरणारं औषध करायची खटपट बरीच वर्षं चालली, त्यातलं रेस्मेटिरोम २०२४ मध्ये अमेरिकेत फॅटी लिव्हरच्या पुढच्या टप्प्यासाठी मंजूर झालं.