वकिलाची फी आणि सातबाऱ्यावरचं नाव

कोकणात दिवाणी दावा म्हटला की बहुतेक वेळा तो जमिनीचाच असतो. आठ गुंठ्यांत चार आंब्याची कलमं, सातबाऱ्यावर सामाईक पंधरा नावं, त्यातली निम्मी माणसं वारलेली, उरलेली मुंबईत. असा उतारा प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन तालुक्याच्या कोर्टात आलेली बाई आधी फीच विचारते.

या प्रश्नाचं मूळ खोतीत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या वतनदारीत आहे. खोताविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी, म्हणजे त्याची जमीन कसणाऱ्यांनी, १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक कायदेमंडळात मांडलं. कूळकायदा आला १९४८ मध्ये, खोती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये. पण कायद्याने हक्क दिला तरी आपण कूळ आहोत हे सिद्ध करायचं काम कुळाच्याच गळ्यात होतं. पावती नाही, लिहिता येत नाही, आणि समोरच्याकडे वकील. योगायोग असा की त्याच १९४९ साली गरिबांच्या कायदेशीर मदतीचा विचार करायला मुंबई सरकारने न्या. एन. एच. भगवती यांची समिती नेमली.

तोवर गरिबाला आधार होता तो १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या नादारीच्या, म्हणजे फी भरायची ऐपत नसलेल्याच्या दाव्याचा. त्यात कोर्ट फी भरण्यातून सूट मिळे, वकील मिळत नसे. अशा दाव्यात कोर्टाने वकील नेमून द्यावा, ही तरतूद आली १९७६ च्या दुरुस्तीने. त्याच वर्षी घटनेत ३९-अ कलम आलं आणि मोफत कायदेशीर मदत हे राज्याचं कर्तव्य ठरलं. ही मदत देण्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला १९८७ मध्ये, अंमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. मधली आठ वर्षं मला फार बोचतात. तेवढ्या काळात कितीतरी म्हातारी कुळं तारखा सोडून घरी बसली असतील.

या कायद्याच्या कलम १२ मध्ये मोठी गोष्ट आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, पूर-वादळासारख्या आपत्तीत सापडलेले, अशा काही गटांना उत्पन्नाची अट नाही. जुलै २०२१ च्या पुरात चिपळुणात ज्यांचं घर-दुकान बुडालं, तेही यात बसतात. इतरांना उत्पन्नाची मर्यादा लागते.

बायकांसाठी हे किती मोलाचं, ते हक्कसोडपत्रावरून, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदावरून कळतं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. तरीही गणपतीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे कागद येतो, "ताई, फक्त सही कर." मोदकाचं ताट बाजूला सारून ती सही करते. ती नको म्हणाली आणि वाटपाचा दावा लावायचा झाला, तर कोर्टाच्याच आवारात तालुका विधी सेवा समिती आहे. तिथे अर्ज दिला की वकील मिळतो, कोर्ट फीसुद्धा भरावी लागत नाही, आणि कुणी तिच्याकडे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला मागायचं कारण नाही.