चेक-इनवेळची कार्ड पडताळणी

ऑनलाइन काढलेल्या विमान तिकिटाचे पैसे ज्या क्रेडिट कार्डाने भरले, ते कार्ड चेक-इन काउंटरवर दाखवण्याची पद्धत. अट सगळ्याच तिकिटांना नसते. असली तर ती बहुधा ई-तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडते, आणि काही वेळा तेवढ्यासाठी वेब चेक-इनही अडते.

मागणीचे मूळ चार्जबॅकमध्ये, म्हणजे कार्डधारकाच्या तक्रारीवरून बँकेने विक्रेत्याकडून पैसे परत घेण्यात, आहे. चोरलेल्या कार्ड क्रमांकावर कोणी आज रात्रीचे तिकीट काढले, तर खरा कार्डधारक महिन्याचे स्टेटमेंट पाहून तक्रार करीपर्यंत प्रवास केव्हाच संपलेला असतो. बँक ती रक्कम विमान कंपनीकडून परत वळवते. म्हणून काउंटरवर कार्डाचे शेवटचे चार आकडे, त्यावरचे नाव आणि ओळखपत्र जुळवून पाहतात.

भारतात रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना जादा पडताळा सक्तीचा केला. आज आपण त्याला ओटीपी म्हणून ओळखतो. असा व्यवहार पुढे खोटा निघाला, तर भुर्दंड सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर पडतो. त्यामुळे इंदूर–मुंबईच्या प्रवाशाला आता कार्ड सहसा कोणी विचारत नाही. परदेशातल्या बँकांच्या कार्डांना ही सक्ती लागू नाही, आणि पद्धत टिकून आहे ती मुख्यतः तिथे.

इंदूरच्या मराठी घरांची तिच्याशी गाठ पडते तीही इथेच. मुलगा न्यू जर्सीत, आईबाबा रामबागेत नाहीतर राजेंद्रनगरात, तिकीट मुलाच्या कार्डावर. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर बॅगा काट्यावर चढतात आणि विचारणा होते, ‘जिस कार्ड से पेमेंट हुआ, वो दिखाइए.’ बाबा आपले एटीएम कार्ड पुढे करतात. मुलाला फोन लावावा, तर उन्हाळ्यात इंदुरात दुपारचे बारा म्हणजे तिकडे रात्रीचे अडीच. चोरांसाठी केलेल्या नियमात असे आईबापच जास्त सापडतात. इंदूरपासून अमेरिकेपर्यंत एकच पीएनआर असेल, तर कागद इंदूरलाच मागितले जाऊ शकतात. तिकिटे वेगवेगळी असतील, तर प्रश्न दिल्ली-मुंबईत निघतो.

कार्डधारक सोबत नसेल, तर बऱ्याच कंपन्या कार्डाच्या पुढच्या बाजूची झेरॉक्स आणि त्याच्या सहीचे संमतीपत्र मागतात. पत्रात पीएनआर, पासपोर्टप्रमाणे प्रवाशांची नावे, प्रवासाची तारीख आणि ‘हे तिकीट मी माझ्या कार्डावर काढले आहे’ एवढे वाक्य पुरते. झेरॉक्स काढताना मधल्या आकड्यांवर कागदाची पट्टी ठेवावी, शेवटचे चार उघडे सोडावेत. सीव्हीव्ही कोणालाही द्यायचा नाही, काउंटरवरही नाही. अख्ख्या कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून कोपऱ्यावरच्या दुकानात प्रिंट काढणे सर्रास चालते. प्रिंट घेऊन आपण घरी येतो, फोटो मात्र दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर तसाच राहतो.

बुकिंगनंतर कार्ड हरवले किंवा बदलून आले, तर नव्यावरचे आकडे जुळत नाहीत. अशा वेळी तिकिटाची रक्कम दाखवणारे स्टेटमेंट जवळ असावे. पडताळणी झालीच नाही, तर काही कंपन्या दुसऱ्या कार्डावर पुन्हा पैसे भरायला लावतात आणि पहिले मागाहून परत करतात. काही कंपन्या आपल्या तिकीट ऑफिसात आधीच पडताळणी करून देतात. बुकिंगवर तशी नोंद पडली की काउंटरवर कार्ड पुन्हा मागत नाहीत.