घासाघीस आणि लुबाडणूक: डिजिटल बेसबॉल कार्डांच्या ट्रेडमध्ये रेघ कुठे पडते

समजा, फोनवरच्या कार्ड-अ‍ॅपमध्ये नागपूरच्या धरमपेठेतल्या एका पोराने शोहेई ओहतानी या बेसबॉलपटूचं कमी प्रतींचं एक खास, म्हणजे इन्सर्ट, कार्ड दिलं आणि बदल्यात नऊ साधी, ढिगाने मिळणारी बेस कार्डं घेतली. हा सौदा रास्त झाला का?

एवढ्यावरून सांगता येणार नाही. तो पोरगा जुना कलेक्टर असेल, त्या नवांपैकी एक कार्ड त्याच्या सेटमधलं अडून बसलेलं शेवटचं कार्ड असेल आणि सेट पुरा करायची मुदत आज रात्री संपत असेल, तर त्याने विचार करून, मनासारखा सौदा केला आहे. तोच पोरगा परवाच अ‍ॅपवर आला असेल आणि समोरच्याने त्याला ‘एकाला नऊ देऊन राहिलो भाऊ, फायदा तुझाच आहे’ असं सांगितलं असेल, तर तो लुबाडला गेला. कार्डं तीच, आकडे तेच, स्क्रीनवर दिसणारी ट्रेडची नोंदही तीच.

म्हणूनच घासाघीस आणि लुबाडणूक यांची इतकी गल्लत होते. दोन्हींत पहिली ऑफर कमीची असते आणि दोन्हींत शेवटी कुणाच्या तरी पदरात जास्त पडतं. नागपुरात आम्ही जे थोडे लोक हा छंद करतो, त्यांच्यातही दोन टोकं आहेत. काहींना तोट्यात गेलेला प्रत्येक ट्रेड म्हणजे फसवणूक वाटते. काही जण ‘त्यानंच अ‍ॅक्सेप्ट केलं ना बे’ म्हणून विषय संपवतात. माझ्या मते दुसरं टोक जास्त घातक आहे, कारण त्यात लुबाडणाराला स्वतःची कधी शंकाच येत नाही.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टॉप्स ही अमेरिकेतली जुनी कार्ड कंपनी. २०१२ मध्ये तिने ‘बंट’ नावाचं अ‍ॅप आणलं. २०२२ च्या जानेवारीत टॉप्सचा हा कार्डांचा धंदा फॅनॅटिक्स या खेळांच्या वस्तू विकणाऱ्या कंपनीने विकत घेतला. अ‍ॅपमध्ये कॉइन मिळवायचे किंवा पैसे देऊन घ्यायचे, त्यांतून पॅक फोडायचे आणि निघालेली कार्डं जगभरातल्या कलेक्टरांशी बदलायची. कार्डाच्या किती प्रती आहेत ते दिसतं. त्याला आम्ही ‘काउंट’ म्हणतो. ट्रेडमध्ये रोख रक्कम नसते, कार्डाला कार्डच द्यायचं असतं. एकदा अ‍ॅक्सेप्ट दाबलं की ट्रेड पुरा झाला, तो उलटवायचा असेल तर समोरच्याच्या भलेपणावरच अवलंबून राहावं लागतं.

खरी अडचण किमतीची आहे. कागदी कार्डाची किंमत ठरते ती दुर्मीळपणा, मागणी आणि कार्डाची अवस्था या तिन्हींवरून. होनस वॅगनर या जुन्या खेळाडूचं १९०९ ते १९११ च्या काळातलं टी-२०६ मालिकेतलं कार्ड जगात शंभराच्याही आत उरलं आहे. त्यातलं एक २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरला गेलं. त्याच वर्षी मिकी मँटलचं १९५२ चं टॉप्स कार्ड १.२६ कोटी डॉलरला विकलं गेलं. मँटलच्या कार्डाच्या प्रती वॅगनरच्या कार्डापेक्षा कितीतरी जास्त आहेत, पण ती एक प्रत जवळजवळ नव्यासारखी राहिली होती आणि मँटलवर जीव टाकणारे लोकही अमाप. डिजिटल कार्डात अवस्था हा भागच गळून पडतो. कोपरा दुमडत नाही, रंग उडत नाही, सगळ्या प्रती सारख्याच कोऱ्या. उरतात काउंट आणि मागणी. काउंट डोळ्यांना दिसतो. मागणी मात्र अनुभवी माणसालाच कळते: कुठल्या सेटमागे लोक लागलेत, कोणता खेळाडू सध्या चालतो आहे, कुठल्या कार्डासाठी लोक महिनोन्‌महिने थांबतात.

घासाघीस याच मागणीवर चालते. तुम्ही म्हणता तीन, मी म्हणतो पाच, चारावर जमतं. माझ्याकडे यांकीज संघातल्या अ‍ॅरन जजची कार्डं ढीगभर पडली आहेत म्हणून मला त्यांची किंमत कमी वाटते, तुम्हाला तोच हवा आहे म्हणून तुम्ही जास्त मोजता. यात दोघंही खूश होऊन निघतात. कार्डाची किंमत दोघांनी वेगवेगळी धरली, यात अन्याय काहीच नाही. तसं नसतं तर ट्रेड झालाच नसता.

लुबाडणूक चालते ती समोरच्याला किंमत ठाऊक नाही, या एका गोष्टीवर. त्याला ती कळली तर सौदा तिथेच मोडेल, हे लुबाडणाऱ्याला पक्कं माहीत असतं. घाई करण्यामागे, विषय बदलण्यामागे, ‘लवकर सांग, दुसरा तयार आहे’ म्हणण्यामागे तेच असतं. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: मला जे माहीत आहे ते याला आत्ता सांगितलं, तर हा थांबेल का? थांबणार असेल, तर मी जे करतो आहे ती घासाघीस नाही.

आता कुणी म्हणेल, मग काय सगळं ज्ञान समोरच्याला फुकट वाटत बसायचं? नाही. इथे भारतीय करार कायद्याचं, म्हणजे १८७२ च्या त्या जुन्या कायद्याचं कलम १७ मला फार उपयोगी वाटतं. कार्डांचे ट्रेड काही कोणी कोर्टात नेणार नाही, पण त्या कलमात दिलेली उदाहरणं आपल्या प्रश्नाला नेमकी भिडतात. एक माणूस आपला घोडा लिलावात विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे, पण तो बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. आता घेणारी त्याची स्वतःची मुलगी आहे आणि ती नुकतीच सज्ञान झाली आहे. आता त्याने सांगायलाच हवं, कारण नातंच तसं आहे. पुढचं उदाहरण आणखी बारीक आहे: घेणारा म्हणतो, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा चांगला आहे असं मी समजेन,’ आणि विकणारा गप्प बसतो. इथे त्याचं गप्प बसणं म्हणजे बोलणंच झालं. शेवटी दोन व्यापारी येतात. एकाला भाव बदलल्याची खबर आहे, दुसऱ्याला नाही. ती खबर सांगायला पहिला बांधलेला नाही.

हे सगळं आपल्याकडे जसंच्या तसं लागू होतं. दोन मुरलेले कलेक्टर म्हणजे ते दोन व्यापारी. एकाने आकडेवारी वाचली, दुसऱ्याने वाचली नाही, तर तक्रार कसली? पण नवखा माणूस तुम्हाला विचारतो, ‘दादा, हे बरोबर आहे ना?’ आणि तुम्ही नुसता अंगठ्याचा इमोजी टाकता, तेव्हा तुम्ही घोडेवाल्याच्या तिसऱ्या उदाहरणात जाऊन बसता. आणि ज्याला तुम्हीच अ‍ॅप डाउनलोड करायला लावलं, ज्याला पॅक कसा फोडायचा ते तुम्हीच शिकवलं, त्याच्याशी तुमचं नातं त्या मुलीच्या बापासारखं आहे. तिथे गप्प राहणंही चालत नाही.

ट्रेड अ‍ॅपवर असल्याने यात एक भर पडते. शाळेत डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते बदलताना भोवती चार पोरं उभी असायची. कुणी भलताच सौदा करायला निघाला की मागून आवाज यायचा, ‘देऊ नको बे, पागल झाला का!’ फोनवर ते मागचे चौघे नसतात. ट्रेड दोघांत होतो, शांतपणे होतो आणि एका अंगठ्याने होतो. त्या चौघांचं काम आता ऑफर पाठवणाऱ्यानेच करायला हवं असं मला मनापासून वाटतं. दुसरं कोणी तिथे नाहीच.

वेळेचा घोळ हा नागपूरकरांचा खास प्रश्न. सीझनमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. तिथला संध्याकाळी सातचा सामना इथे पहाटे साडेचारला सुरू होतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात काही जण त्या वेळेला जागे असतातही, पण बहुतेक झोपलेले असतात. रात्री पाठवून ठेवलेली ऑफर तशीच उघडी पडलेली असते. पहाटे एखाद्या पिचरचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचं, कोपर दुखावतं. कोपराच्या दुखापतीला पिचर किती घाबरतात हे बेसबॉल पाहणाऱ्याला माहीत आहे. १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा जी शस्त्रक्रिया केली, तिच्यामुळे करिअर वाचू लागली खरी, पण परत यायला वर्ष, दीड वर्ष सहज जातं. ओहतानीच्या कोपरावर सप्टेंबर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि मुख्य लीगच्या सामन्यात तो पुन्हा पिचिंगला उभा राहिला तो जून २०२५ मध्ये.

तर पहाटे बातमी आली आणि त्याच पिचरचं कार्ड मागणारी तुमची ऑफर समोरच्याने धाडकन अ‍ॅक्सेप्ट केली. ही लुबाडणूक का? मी म्हणेन, नाही. बातमी सगळ्यांसाठी उघडी होती आणि ऑफर उघडी ठेवणं ही तुमची निवड होती. झोपण्याआधी जुन्या ऑफरी मागे घ्याव्यात. पण बातमी वाचून कुणी मुद्दाम नव्या माणसाकडे धावला, ‘हा पिचर यंदा गाजणार’ असं सांगून त्याच्या गळ्यात ते कार्ड मारलं, तर ते धडधडीत खोटं आहे. पहिल्यात समोरच्याने त्याच्याकडे आलेली ऑफर घेतली. दुसऱ्यात त्याने ऐकणाऱ्याच्या डोक्यात चुकीचं चित्र स्वतः तयार केलं.

खोट्या गोष्टी रचून कार्ड काढणं हा प्रकार यातूनच येतो. ‘माझा आवडता खेळाडू आहे, लहानपणापासून गोळा करतो’ असं म्हणून कार्ड स्वस्तात घ्यायचं आणि दुपारपर्यंत तेच तिप्पट भावात दुसऱ्याला द्यायचं. नफ्यासाठी कार्ड पुढे देण्यात मला काही वावगं वाटत नाही. पण देणाऱ्याने भाव पाडला तो तुमच्या आवडीपोटी, आणि ती आवड खोटी होती.

मुलांचा विषय मी वेगळाच काढतो, आणि इथे माझं मत अजिबात मऊ नाही. करार कायद्याच्या कलम ११ नुसार अल्पवयीन व्यक्ती करार करायला पात्रच नाही, आणि प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सगळ्यांत वरच्या कोर्टाने, १९०३ च्या मोहोरी बीबी खटल्यात असा करार मुळातच रद्दबातल ठरवला. यामागचं शहाणपण कार्डांनाही लागू करावं. समोर आठवी-नववीतलं पोरगं आहे असा नुसता संशय आला, तरी ट्रेड इतका सरळ ठेवावा की त्याच्या आईवडिलांना दाखवायला लाज वाटू नये.

अमेरिकेतला एक जुना किस्सा मात्र उलट बाजूने विचार करायला लावतो. १९९० मध्ये इलिनॉयमधल्या एका दुकानात नोलन रायन या पिचरचं १९६८ चं रुकी, म्हणजे करिअरच्या सुरुवातीचं, कार्ड होतं, किंमत १२०० डॉलर. काउंटरवरच्या नवख्या माणसाने ती १२ डॉलर अशी वाचली आणि एका शाळकरी मुलाने कार्ड १२ डॉलरला घेतलं. दुकानदार कोर्टात गेला. निकाल लागायच्या आत दोन्ही बाजूंनी तडजोड केली: कार्ड लिलावात विकायचं आणि पैसे धर्मादाय कामाला द्यायचे. इथे अजाण होता तो विकणारा, आणि घेणारा लहान मुलगा. मला ही तडजोड फार शहाणपणाची वाटते, कारण चुकीचा फायदा कुणाच्याच खिशात गेला नाही.

बाकीच्या रीतिभाती फार वेळ घेत नाहीत. पहिली ऑफर कमीची असली तर राग धरू नये, काउंटर, म्हणजे आपली उलट ऑफर, द्यावा. ‘नाही’ आल्यावर तीच ऑफर पुन्हा पुन्हा पाठवणं म्हणजे माणसाला थकवून हो म्हणायला लावणं. मी त्याला घासाघीस मानत नाही. ज्याने कार्ड लॉक करून ठेवलंय किंवा ‘ट्रेडसाठी नाही’ असं लिहिलंय, त्याला एकदाही विचारू नये. नकाराचं कारण कुणी देणं लागत नाही. आणि अ‍ॅपबाहेर पैसे घेऊन कार्डं देण्याघेण्याच्या भानगडीत पडूच नये: कुणाला तरी आधी हात सोडावा लागतो आणि दुसऱ्याने पाठ फिरवली तर अ‍ॅप तुमच्या बाजूने उभं राहत नाही.

उरतो तो प्रसंग जो प्रत्येक जुन्या कलेक्टरवर कधी ना कधी येतो: समोरून अशी ऑफर येते की डोळ्यांवर विश्वास बसत नाही. पाच आकडी काउंट असलेल्या माझ्या बेस कार्डासाठी कुणी दोन आकडी काउंटचं सही असलेलं कार्ड देऊ करतो. मी ती ऑफर आधी रिजेक्ट करतो आणि दोन ओळी लिहितो: ‘भाऊ, तुमच्या कार्डाचा काउंट पाहून घ्या, हे खूप वरचं कार्ड आहे. काऊन देऊन राहिले ते सांगा, मग बोलू.’ बहुतेकांचं उत्तर धन्यवाद असंच येतं. एखादा मात्र लिहितो, ‘माहीत आहे, तुमचं कार्ड माझ्या सेटचं शेवटचं आहे,’ आणि तीच ऑफर पुन्हा पाठवतो. ती मी लगेच अ‍ॅक्सेप्ट करतो.